मांझ्याची सुरई

चंद्रपूर
१७ मार्च २००३

निशात,

माझ्या निकाहआधीच्या मांझ्याच्या तिसऱ्या दिवशी तू फ्रॉकच्या घेरात तुरीच्या उकडलेल्या शेंगा लपवून आणल्या होत्यास. मी एकोणीस वर्षांची, तू दहाची. डिसेंबर होता. मी पिवळे कपडे घालून, अंगभर हळदीचं उबटन माखून बंद खोलीत बसले होते. दाराची कडी अब्बांच्या बहिणीच्या, फुफीच्या ताब्यात. तू कशी आत शिरलीस ते मला आजही माहीत नाही. शेंगांचं गरम खारट पाणी तुझ्या पोटावरून ओघळत होतं. रजईत शिरून आपण त्या सगळ्या सोलून खाल्ल्या आणि सालं उशीखाली कोंबली. फुफी आली आणि हवा हुंगून म्हणाली, "खोलीत बकरी बांधली का कुणी?" तू रजईत तोंड दाबून इतकी हसलीस की तुला उचकी लागली आणि आपण पकडलो गेलो.

त्या पोरीला मी पत्र लिहिलं असतं तर ते वेगळं झालं असतं. हे पत्र एटापल्लीच्या निशातबींना आहे.

काल मुबीनच्या दुकानात गेले होते. आपल्या जुन्या गल्लीतला मुबीन, कूलर दुरुस्त करतो तो. कूलरचं गवत बदलायचं होतं. त्याच्या टेबलावर लग्नपत्रिका होती. तुझ्या नुजहतचा निकाह, रविवार २५ मे. मुबीनला पत्रिका आहे. त्याच्या दुकानात चहा आणून देणाऱ्या हॉटेलवाल्यालाही आहे. सख्ख्या मावशीला, खालाला नाही. ते मी समजू शकते. मला समजत नाही तो महिना.

एकोणीस मेला तबस्सुमला जाऊन आठ वर्षं होतील. तुझी मोठी मुलगी निकाहच्या दोन दिवस आधी मांझ्याच्या खोलीत भाजून निघाली, आणि तू धाकटीसाठी पुन्हा मे शोधून काढलास. त्या वेळी कारण होतं की मोहरमच्या आधी उरकायचं. आता काय, तर मुबीन सांगतो, नवरा मुलगा अल्ताफ कोरपन्याच्या शाळेत शिक्षक आहे, त्याला सुटी मेमध्येच. सुटी दिवाळीतही असते.

लग्न कधी करायचं ते तुम्ही नवरा-बायको, तू आणि जलालुद्दीनभाई, ठरवा. मला एकाच गोष्टीचं उत्तर दे. नुजहतला मांझ्यात बसवणार आहेस का? त्याच खोलीत?

मराठीत लिहिते आहे, कारण घरच्या बोलीत लिहायला बसले की हात नरम पडतो. अब्बांनी मला सिस्टरांच्या शाळेत घातलं आणि तुला नगरपालिकेच्या. तो राग तू चाळीस वर्षं पुरवून वापरलास. पण दोन्ही शाळांत मराठी होतं, तेव्हा वाचता येत नाही असं म्हणू नकोस.

जैनब


चंद्रपूर
५ एप्रिल २००३

निशात,

तुझं कार्ड मिळालं. तू काय लिहिलंस ते तुलाच परत वाचून दाखवते, म्हणजे कसं वाटतं ते कळेल.

"आपा, तुमचं पत्र भेटलं. नुजहत मांझ्यात बसन. आपल्या घरची रीत आहे. तबस्सुमची वेळ आली होती. सुरई रिकामी होती, साऱ्यांनी पाह्यली. पोटभर पाणी पिऊन गेली माही पोरगी. खोलीले दोष देऊ नका. निशात."

आठ वर्षांनी बहिणीला एवढंच. सलामही नाही. मीही केला नव्हता, तेव्हा तो हिशोब राहू दे.

रीत म्हणतेस. रीत मलाही माहीत आहे. मी बसले तेव्हा थंडी होती. अम्मी बसली तेव्हाही थंडी होती, ती सांगायची की उबटन लावताना दात वाजत. आपले महिने चंद्रावर चालतात, सगळ्या ऋतूंतून फिरून येतात. खोली बंद करणाऱ्या बायकांनी तेवढं बघायला नको का, की बाहेर कोणता ऋतू चालू आहे? वारा लागू द्यायचा नाही, पंखा लावायचा नाही, हळदीचा रंग उतरेल. डिसेंबरात हे लाड होते. मेमध्ये, पत्र्याखाली, गडचिरोलीच्या जंगलातल्या उन्हात हे काय आहे, ते तुझ्या घरात सगळ्यांनी पाहिलं.

तबस्सुम गेल्यावर महिन्याभराने मी इथल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. तुला कधी सांगितलं नाही, कारण मय्यतीच्या दिवशी मी तुला जे बोलले त्यानंतर तू माझं तोंड बघत नव्हतीस. त्यांनी मला बसवून घेतलं आणि एकेक गोष्ट विचारली. अंगाला तेल आणि हळद किती होती? खिडकी? पाणी? मग म्हणाल्या, शरीर घामाने थंड राहतं. घाम सुकायला वारा हवा आणि घाम यायला पाणी हवं. तुम्ही दोन्ही बंद केलंत. मग एक वेळ येते, घामच थांबतो. कातडी कोरडी आणि लाल होते. माणूस असंबद्ध बोलायला लागतं. तिथून पुढे मिनिटं मोजायची.

मी ते ऐकत होते आणि मला त्या शुक्रवारची दुपार दिसत होती. बायका दारातून डोकावून म्हणत होत्या, "काय नूर चढलाय, बाई. असा रंग कुणाला चढला नव्हता." गाल डाळिंबासारखे झाले होते. हात कोरडा ठणठणीत. कुणीतरी म्हणालं, घाम थांबला, उबटन मुरलं. आपण आठ-दहा बाया त्या पोरीला मरताना बघत होतो आणि तिची नजर उतरवत होतो. मिरच्या ओवाळल्या होत्या तू. आठवतं?

मग ती म्हणाली, "अम्मी, माझं दफ्तर कुठं आहे, पेपर सुरू झाला." वीस वर्षांची मुलगी, शाळा सोडून चार वर्षं झालेली. सगळ्या हसल्या. सासरचा पेपर, म्हणाल्या.

एक ठमाबाई हसली नाही. तुझ्याकडे धुणंभांडी करणारी बाई, तिने दारातून हात घालून पोरीच्या कपाळाला लावला आणि म्हणाली, "बाई, आंग तव्यावानी तापून राह्यलं. पोरीले बाहीर काढा, निंबाखाली निजवा." तू म्हणालीस, अंगणात मांडववाले आहेत, नवरी मुलगी उघड्यावर कशी न्यायची. आकडी आली तेव्हाही तू आधी ओढणी शोधत होतीस. हातपंप दहा पावलांवर होता. आपण जीप शोधायला माणूस पाठवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी पाणी ओतायचं, ओल्या कापडात गुंडाळायचं, वारा घालायचा, मग गाडी शोधायची. अर्धा तास जीपची वाट बघण्यात गेला आणि अहेरीच्या दवाखान्याच्या अलीकडेच सगळं संपलं.

मी त्या वेळी नमाजाआधीच्या वजूला उठले होते. दहा मिनिटांसाठी उठले आणि तेवढ्यात हे झालं. मी आत असते तर तुझ्या ओढणीची वाट पाहिली नसती.

नुजहतला त्या खोलीत बसवू नकोस. विनंती करत नाही. सांगते आहे.

जैनब


चंद्रपूर
२३ एप्रिल २००३

निशात,

या पत्राने तुझा नवरा अडचणीत येईल, पण तू असाही त्याला अडचणीतच ठेवतेस.

जलालुद्दीनभाई परवा लग्नाचं कापड घ्यायला चंद्रपूरला आले होते. भर दुपारी दोन वाजता, डोक्याला नुसता रुमाल बांधून. मी दार उघडलं तर माणूस उंबरठ्यावरच डुलत होता. आधी बसवलं, तोंडावर पाणी मारायला लावलं, मग पन्हं दिलं. कैऱ्या मी मार्चपासूनच उकडते. मीठ जरा जास्त घालते, साखर कमी.

"आपा, मी इथी आलो ते निशातले माहीत नाई," ते म्हणाले.

"मग मीही सांगणार नाही."

"तुमी दोघी बहिणी. मधात मी कापडावानी फाटून राह्यलो. शिवणार कोण?"

मी हसले. तुझा नवरा मला नेहमी आवडला आहे. तुझ्यापेक्षा जास्त.

विचारलं, खोली कोणती. म्हणाले, तीच मागची, दुकानाच्या कापडाचे गठ्ठे काढून सारवून घेतली, पत्रे नवीन टाकले. मी म्हटलं, कौलं नाही, पत्रेच? "पत्रेच, आपा. कवेलू कोण टाकते आता? माकडं राहू देत नाई." आणि तुम्ही तिचे वडील आहात, मी म्हटलं, सांगा तिला.

तेव्हा त्यांनी पेला खाली ठेवला.

"सांगतलं. एकदा नाई, दहादा सांगतलं. ते म्हणते, सुरई भरून ठेवली होती, पोरीनं सारी संपवली. प्यासी नाई गेली. मंग उन्हानं कशी गेली? उन्हानं मरते तो पाण्याबिना मरते. पाणी पिऊनही गेली, म्हणजे अल्लाची मर्जी होती. आता मर्जीले काय खिडकी उघडून रोखता येते?" रुमालाने मान पुसत म्हणाले, "माह्याजवळ याचा जबाब नाई, आपा. तुमच्याजवळ आहे का?"

मी म्हटलं, पन्हं संपवा, गरम होईल.

जाताना त्यांचं लक्ष माझ्या फळीवर गेलं. लाल मानेची सुरई तिथे आहे. "ते तीच ना?" म्हणाले. "निशात किती शोधत होती." मी म्हटलं, त्या गडबडीत माझ्या सामानात आली असेल.

त्यांच्याबरोबर तुला काही पाठवलं नाही. रुमालाऐवजी माझा जाड पंचा ओला करून डोक्याला बांधून दिला. तो परत कर.

निशात, तुझ्या या सुरईच्या गोष्टीवर मला बोलायचं नाही. पाणी प्यायलेला माणूससुद्धा बंद खोलीत भाजू शकतो, हे डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं आहे. तेवढं पुरे तुला. तू हट्टी आहेस आणि लहानपणापासून आहेस. चुकलीस की आणखी जोरात तेच करायचंस. तबस्सुमच्या बाबतीत तू चुकली नव्हतीस हे सिद्ध करायला तुला नुजहत हवी आहे. तिला खोलीत बसवशील, ती जिवंत बाहेर येईल, आणि तू सगळ्यांना सांगशील, बघा, खोलीत काही नव्हतं.

हे लिहिलं ते खोडत नाही.

जैनब


चंद्रपूर
६ मे २००३

निशात,

हे पत्र एकटीने वाच. जलालुद्दीनभाईंना नंतर दे.

काल इथे सेहेचाळीस होतं. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. आमच्या गल्लीतल्या वखारीचा एक हमाल दुपारी पडला. चार जणींनी मिळून त्याला सावलीत ओढला, सदरा काढला, मी वरून बादल्या ओतल्या आणि मुबीनच्या दुकानातला पंखा बाहेर आणवला. वीस मिनिटांनी त्याने डोळे उघडले आणि बिडी मागितली. मग त्याला दवाखान्यात नेला. सगळे म्हणाले, बाईंना किती माहीत आहे.

हो, मला माहीत आहे. डॉक्टरीणबाईंकडून कळलं ते नंतरचं. सातवीत असताना सिस्टर बर्नाडेटने आम्हाला प्रथमोपचार शिकवले होते. कवायतीत एक मुलगी चक्कर येऊन पडली तेव्हा सिस्टरने स्वतःचा रुमाल घागरीत बुडवून तिच्या मानेला लावला होता, बगलेत लावला होता. पाणी थेंब थेंब तिच्या कॉलरवरून जात होतं. सिस्टर म्हणाली, सावली, वारा, पाणी, घोका. आम्ही घोकलं. मला त्यात पहिला नंबर होता, सर्टिफिकेट होतं, अब्बांनी ते फ्रेम करून लावलं होतं. तू त्यावर शाई उडवलीस म्हणून मार खाल्ला होतास.

आज सकाळी ठमाबाई आली. तिची लेक इथे दिली आहे, तिच्या बाळंतपणाला. बसली, पाणी प्यायली, आणि सांगितलं की मागच्या खोलीच्या खिडकीला तू फळ्या ठोकून घेतल्यास. आत उजेड येतो म्हणून. मी तिचा पेला पुन्हा भरला. ती फळीवरच्या सुरईकडे बघत राहिली.

"बाई, एक गोठ सांगू का? राग नोका धरू."

"सांग."

"त्या दिवशी जीप गेली, अन् मी आंगण झाडाले गेली. मोगऱ्याची कुंडी ओली होती. मे महिन्यात, भर दुपारी. खाली पाण्याचा ओघळ. मोगऱ्याले कोण पाणी टाकन तवा? घरात तुमी एकट्या होत्या."

आठ वर्षं या बाईला माहीत होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

"मी सांगतलं तं कोण आयकते? पोरीले बाहीर काढा म्हणलं, ते तरी कोणं आयकलं? तुमी शिकल्या सवरल्या. तुमीच सांगा आता. तिकडं फळ्या ठोकून राह्यले."

तर ऐक, निशात.

सुरई तबस्सुमने रिकामी केली नाही. मी केली.

मी वजूला गेले नव्हते. मी खोलीतच होते, दाराच्या आत, जिथे फटीतून थोडी झुळूक येते तिथे. मांझ्याची राखण माझ्याकडे होती आणि मला त्याचा अभिमान होता. सुरई तू सकाळी पोरीच्या उशाशी ठेवली होतीस. तू गेल्यावर मी ती उचलून माझ्याजवळ ठेवली. मोरी अंगणाच्या टोकाला, अंगणात मांडववाले दिवसभर. पोरीला पाणी दिलं की तिला बाहेर न्यावं लागणार, बायकांची रांग उभी करून चादरी धरून. माझ्या मांझ्यात फुफीने मला असंच घोटाघोटाने पाणी दिलं होतं आणि मला काही झालं नव्हतं. म्हणून मीही तिला अर्धा कप सकाळी दिला आणि अर्धा अकरा वाजता. डिसेंबरचं माप मी मे महिन्याला लावलं.

तिने तीनदा मागितलं. पहिल्यांदा म्हणाली, "खालाजान, पानी." मी म्हटलं, मांडववाले जेवायला जाऊ देत. दुसऱ्यांदा म्हणाली, "खालाजान, दरवाजा थोडासा." मी म्हटलं, सबर कर, नवरी आहेस. तिसऱ्यांदा नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी मानेवर ओला टॉवेल घेऊन बसले होते. त्या सुरईतल्या पाण्याने भिजवलेला. निम्मी सुरई मी प्यायले होते.

ती दफ्तर मागत होती तेव्हा मला कळायला हवं होतं. इतक्या बाया होत्या, पण कळायला हवं होतं ते मला. सर्टिफिकेट माझ्याकडे होतं. मी हसले. मग मला डुलकी लागली. जाग आली ती तिच्या टाचा जमिनीवर आपटण्याने.

तुम्ही सगळे जीपकडे धावलात. मी मागे राहिले, तिचे कपडे गोळा करायला म्हणून. सुरई उचलली तर उरलेलं पाणी आत डचमळलं. तो आवाज मी अजून ऐकते. वाटलं, कुणी विचारेल, पाणी होतं तर पोरीला का दिलं नाही. मी ते मोगऱ्यात ओतलं आणि सुरई तिच्या उशाशी आडवी ठेवली. मग सगळ्यांनी पाहिलं की सुरई रिकामी आहे. मय्यतीला मी तुला भर अंगणात म्हणाले, तू पोरीला भाजून मारलंस. तू उत्तर दिलंस, पोटभर पाणी पिऊन गेली ती, सुरई बघा. मी गप्प बसले. तू त्या रिकाम्या सुरईला धरून आठ वर्षं जगलीस. मला ते माहीत होतं. तुझ्याशी न बोलणं मला सोयीचं होतं.

तुझा राग मी आजही सोडलेला नाही. ओढणी तूच शोधत होतीस. पण तुझी पोर तहानेने गेली, उन्हाने गेली, बंद खोलीने गेली आणि माझ्या हाताने गेली. तिची वेळ वगैरे काही आली नव्हती. ती वाचली असती.

आता फळ्या काढ.

जैनब


चंद्रपूर
१५ मे २००३

निशात,

तुझं कार्ड आज मिळालं. "खिडकीले ताट्या पाठवा. फळ्या काढल्या. तुम्ही येऊ नका." एवढंच. खाली सहीसुद्धा नाही. मी ते कार्ड पुन्हा पुन्हा वाचलं. यापेक्षा चांगलं पत्र तू मला कधी लिहिलं नाहीस.

मी येणार नाही. मुबीन रविवारी सकाळी पाचच्या गाडीने सामान घेऊन निघेल. त्याला म्हटलं होतं, माझा कूलर घेऊन जा. तो म्हणाला, "आपा, एटापल्लीले लाइट राह्यतेच कुठी? कूलर काय तिथी हवा खायले नेऊ?" म्हणून तू मागितल्यास त्या खसच्या, वाळ्याच्या ताट्याच पाठवते. काय कुणाला, ते नीट वाच. मुबीन विसरभोळा आहे.

मोठ्या दोन ताट्या पुढच्या खोलीच्या खिडक्यांना. मांझा घरात करायचाच असेल तर तिथे करा, वर कौलं आहेत आणि समोर निंब आहे. ताट्यांवर दर तासाला पाणी मारायचं. ते काम ठमाबाईकडे दे, ती लेकीकडून परत निघाली आहे. ती जेव्हा म्हणेल पोरीला बाहेर काढा, तेव्हा ओढणी न शोधता बाहेर काढायचं.

उबटन हाताला, पायाला आणि चेहऱ्याला. बाकी अंगाला नाही. शगुन तेवढ्यानेही होतो.

मांडववाल्यांना मोरीच्या बाजूला कनातीचा आडोसा बांधायला सांग, म्हणजे पोरीला हवं तेव्हा जाता येईल. कनातीचं कापड जलालुद्दीनभाईंच्या दुकानात आहेच. त्यांनी माझा पंचा परत करू नये. तो त्यांनाच ठेवायला सांग, रोज भिजवून डोक्याला बांधायला.

निळ्या डब्यात मीठ-साखरेच्या पुड्या आहेत. एक पुडी एका लिटरला, उकळून गार केलेल्या पाण्यात. त्या मांडववाल्यांसाठी आणि स्वयंपाक करणाऱ्यांसाठीही आहेत, नुसत्या पाहुण्यांनाच वाटून संपवू नकोस. भट्टीजवळची माणसं आधी पडतात. पन्ह्याच्या चार बाटल्या अल्ताफच्या वरातीसाठी. त्याला माझा निरोप दे की निकाह सकाळी आठला लावून घे, शिक्षक आहेस, वेळेवर येता येत असेल.

माझ्या कानातले मोती नुजहतला. अम्मीचे आहेत. तबस्सुमसाठी ठेवले होते हे तिला सांगितलंस तरी चालेल.

सिस्टर बर्नाडेटचं सर्टिफिकेट फ्रेमसकट तुला पाठवते. शाईचा डाग अजून आहे. भिंतीला लाव किंवा चुलीत घाल, मला कळवू नकोस.

ठमाबाईला माझी हिरवी सिल्कची साडी. ती म्हणेल, मले कायले. तिला सांग, जैनबबाईंनी सांगितलं ते एवढ्या उशिरा सांगितलं, त्याबद्दल.

राहिली सुरई. ती मुबीनच्या हातात मी स्वतः देणार आहे, गवतात गुंडाळून. आठ वर्षं तिच्यात पाणी भरलेलं नाही, म्हणून आधी एक दिवस भिजत ठेव, पाझरेल. मग भर आणि नुजहतच्या उशाशी ठेव. तिथून ती कुणी हलवायची नाही, तूही नाही. संध्याकाळी ती रिकामी दिसली तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नकोस. नुजहतला विचार, तूच प्यायलीस ना. आणि तिच्या तोंडून हो ऐकल्याशिवाय तिथून उठू नकोस.

जैनब